अप्पांचं क्लिक

"नाव सांगा बघू तुमचं," डॉक्टर म्हणाले.

"क्लिक," अप्पा म्हणाले.

"बरं. ही कोण आहे?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

अप्पांनी मला नीट ओळखलं. डोळ्यांत दिसलं ते मला. ओठ जुळवले, मान ताणली आणि म्हणाले, "क्लिक."

"आणि हे काय आहे?" डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून त्यांच्या नाकापुढे धरलं.

आता मात्र अप्पांचा पारा चढला. ज्या माणसाने तीस वर्षं बार्शीतल्या पोरांना टायपिंग शिकवलं, त्याला पेन दाखवून हे काय म्हणून विचारायचं? "क्लिक!" ते असे ओरडले की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "क्लिक, क्लिक, क्लिक!"

डॉक्टरांनी मला आणि आईला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हणाले, अर्धांगाचा झटका आहे, मेंदूची डावी बाजू गेलीय, म्हणून उजवं अंग लुळं पडलंय आणि बोलण्याची जागाही तिथंच असते. यांना ऐकलेलं बहुतेक सगळं कळतं, पण बोलायला गेले की तो एकच शब्द बाहेर पडतो. काही पेशंटांचं होतं असं. त्यांना स्वतःला वाटतं, आपण बरोबरच बोलतोय.

"मग लिहून दाखवतील की," मी म्हटलं.

"लिहिणंही त्याच जागेत असतं. आणि मान हलवली तरी विश्वास ठेवू नका. हो म्हणायचं असतं आणि मान नाही म्हणून हलते."

"पण बोलतील ना परत? कधी?"

"सांगता येत नाही. काहींचं येतं परत, काहींचं नाही."

मला रडूच फुटलं. आईने पदर तोंडाला लावला. तिला वाटलं, मी अप्पांच्या काळजीने रडतेय. काळजी होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्या काळजीच्या पोटात माझं दुसरंच दुखणं होतं. आदल्या संध्याकाळी मी अप्पांना एक गोष्ट विचारली होती आणि ते म्हणाले होते, "सकाळी सांगतो." सकाळी दात घासता घासता ते मोरीत कोसळले.

गोष्ट अशी होती. मला दयानंद ऐवळेशी लग्न करायचं होतं. दया आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवायचा आणि आमच्या क्लासमधल्या कॉम्प्युटरांचं वायरिंग त्यानेच केलं होतं. माणूस सोन्यासारखा. पण त्याच्या घरचा बँड होता. वडील, आजा, पणजा सगळे लग्नातले वाजंत्री. आमच्या लोकांच्या वराती त्यांच्यापुढे नाचल्या, पण त्यांना जेवायला पंगत वेगळी. दयाची चंद्रपूरकडे बदली झाली होती. जायच्या आत लग्न व्हावं, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं. मी त्याला सांगून बसले होते की अप्पांच्या तोंडून हो आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही. पळून जाऊन लग्न करणाऱ्यांतली मी नव्हे. सत्तावीस वर्षांची घोडी झाले होते, पण अप्पांचा शब्द माझ्यासाठी शब्द होता.

त्या संध्याकाळी ऐकून अप्पा ओरडले नाहीत. हेच मला नवल वाटलं. अप्पांचं तोंड म्हणजे तोफखाना. चहात साखर कमी पडली तरी अर्धा तास भाषण. त्या दिवशी मात्र बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "सकाळी सांगतो." आणि तो शब्द गेला कुठल्या कुठे!

क्लिकच का, हे विचाराल तर त्याला कारण आहे. आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. कॉम्प्युटर आले आणि टाइपरायटर भंगारात गेले. अप्पा आधी महिनाभर कॉम्प्युटरला शिव्या देत होते, मग एक दिवस सगळं शिकून आले आणि पाटी बदलली. तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाया, झाडून सगळे आमच्याकडे शिकायला यायचे, मीही शिकवायला असायची. त्यांचे हात माउसवर थरथरायचे. अप्पा पाठीमागे उभे राहून ताल धरल्यासारखे म्हणायचे, "घाबरायचं नाही. बाण तिथं न्या, आणि... क्लिक! सोडा! शाब्बास." दिवसभर तेच. क्लास चांगला चालायला लागला तेव्हा म्हणाले, "उजू, आपला धंदा क्लिक झाला बरं का." कुणाला एखादी गोष्ट समजली की, "झालं ना डोक्यात क्लिक?" अप्पांना इंग्रजी फारसं यायचं नाही, पण या एका शब्दावर त्यांचा भारी जीव होता. बाकीचे हजारो शब्द गेले आणि तेवढा चिकटून राहिला.

घरी आणलं तेव्हा गोदाआत्या येऊन ठाण मांडून बसली होती. अप्पांची थोरली बहीण. अप्पांना खाटेवर निजवायच्या आत तिने मला दारात गाठलं.

"काय सांगितलंस गं माझ्या भावाला आदल्या दिवशी? रस्त्यावरच्या पोरीसुद्धा बोलतायत. त्या वाजंत्र्याच्या पोराचंच ना?"

"आत्या, डॉक्टर म्हणाले बीपी होतं त्यांना..."

"बीपी म्हणे! धडधाकट माणूस पाडलास तू."

मी आईकडे बघितलं. आई उशीचा अभ्रा घालत होती. वर बघितलंसुद्धा नाही. आईचं असंच. भांडण कुणाचंही असो, ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची.

मग आमच्या घरात क्लिकचं राज्य सुरू झालं. पहाटे क्लिक, दुपारी क्लिक, पाहुणा आला की क्लिक, गेला की क्लिक. मी वैतागून क्लासमधली जाडजूड इंग्रजी डिक्शनरी काढून बघितली. म्हटलं, निदान शब्दाचे अर्थ तरी किती आहेत बघू. खटकन आवाज होणं, एकदम उमगणं, दोघांचं जमणं, एखादी गोष्ट लोकांना पसंत पडणं, बटण दाबणं. छापलेले अर्थ चार-पाच. मी एकेक अर्थ अप्पांवर लावून बघितला.

"अप्पा, तुम्हाला उमगलं असं म्हणायचंय का?"

"क्लिक."

"का माझं आणि दयाचं जमलंय, असं म्हणताय?"

"क्लिक, क्लिक," आणि डाव्या हाताने पांघरूण ओढलं.

"अगं, थंडी वाजतेय त्यांना," आई दारातून म्हणाली. "पंखा बारीक कर."

पंखा बारीक केला आणि अप्पा गप्प झाले. मी डिक्शनरी मिटली. तिच्यात थंडी नव्हती, तहान नव्हती, लघवीचं भांडं आणा नव्हतं, पेपर वाचून दाखवा नव्हतं. आमच्या घरात मात्र हे सगळं क्लिक होतं आणि ते फक्त आईला कळत होतं. लांबवलेलं क्लिक म्हणजे पाणी. दोनदा घाईघाईने म्हणजे भांडं. खालच्या आवाजात, जरा लाडात म्हणजे तंबाखू, जी डॉक्टरांनी बंद केली होती. नाकातून तुटक क्लिक आणि तोंड भिंतीकडे, म्हणजे नको. पडवळाची भाजी पुढे आली की हे हमखास. मीही हळूहळू काही काही शिकले. आत्याला मात्र ओ की ठो कळायचं नाही. दिवसातून दहादा ओरडायची, "सुशीला, काय म्हणतो गं हा?" आणि आई पोळ्या लाटता लाटता आतून सांगायची, "उशी उंच करा म्हणतायत, वन्सं."

माझ्या प्रश्नाचं मात्र घोडं तिथंच पेंड खात होतं. रोज सकाळी मी खाटेशी बसायची आणि विचारायची, "अप्पा, त्या दिवशी सकाळी सांगतो म्हणाला होता. काय सांगणार होता?"

अप्पांना प्रश्न कळायचा. पक्कं कळायचं. पण ते साधं हो किंवा नाही म्हणायचेच नाहीत. ते भाषण द्यायचे! "क्लिक... क्लिक क्लिक, क्लिक. क्लिक?" भुवया वर, भुवया खाली, मध्येच डावा हात उंच, मध्येच आवाज खाली, पुन्हा माझ्याकडे रोखून बघत, "क्लिक!" या माणसाने जन्मात कुठल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं, ते आता देतील? त्या भाषणात रागही असायचा आणि मायाही असायची. माया ऐकू आली की माझा जीव भांड्यात पडायचा, राग ऐकू आला की पुन्हा बाहेर.

"आई, काय म्हणाले?"

"दमलेत गं. उद्या विचार."

रोज उद्या. एकदा मी आईला अडवूनच विचारलं, "त्या रात्री तुझ्याशी काही बोलले होते का माझ्याबद्दल?"

"माझ्याशी काय बोलणार ते? दिवा घालव म्हणाले आणि झोपले."

मग मी पुठ्ठ्याच्या दोन पाट्या केल्या. एकीवर मोठ्या अक्षरात हो, दुसरीवर नाही. अप्पांच्या छातीवर ठेवल्या. "बोट ठेवा एकावर. बस, एवढंच करा माझ्यासाठी." त्यांनी पाट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताने दोन्ही जमिनीवर उडवून दिल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, आता पोटची पोर आपली परीक्षा घेतेय, याचा राग आला असणार.

माझाही तोल सुटला. "मग मी काय करू? सांगा ना! माझं आयुष्य अडलंय तुमच्या एका शब्दापायी!"

"क्लिक!"

"क्लिक क्लिक काय? हो की नाही?"

"क्लिक! क्लिक!"

"ओरडू नका माझ्यावर!"

आम्ही बापलेक एकमेकांवर ओरडत होतो आणि आत्या मध्ये पडून कपाळ बडवत होती, "आता जीव घे, म्हणजे झालं!" मी पाट्या उचलून चुलीत घातल्या आणि क्लासला जाऊन कुलूप लावून रडले.

दया रोज संध्याकाळी क्लासच्या दाराशी यायचा. आत यायचा नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. त्या दिवशी म्हणाला, "उज्ज्वला, माझी हजर व्हायची तारीख आली. आई-बाबा रविवारी तुमच्या अप्पांना बघायला येतायत. बघायला म्हणजे काय, तुला कळतंय. बाबा समोरासमोर विचारणार आहेत."

"ते काय उत्तर देणार, दया? क्लिक म्हणणार."

"आणि उत्तर आलंच नाही, तर तेच उत्तर समजायचं का आम्ही?"

तोच पुढे म्हणाला, "मी थांबेन गं. पण बाबांचं वय झालंय. उंबऱ्यावरून परत फिरायची त्यांना सवय आहे, आणि मला त्या सवयीचीच चीड आहे."

रविवार उजाडला. आईने पोहे केले, चांगल्या बशा काढल्या. आत्याने अप्पांच्या उशाशी खुर्ची ओढून पहारा बसवला. दयाचे आई-वडील आले. वडील पांढऱ्या सदऱ्यात, डोक्याला टोपी, दारातच घुटमळले. आई पुढे झाली आणि म्हणाली, "आत या ना. इथं खाटेजवळच बसा." मी चमकून बघितलं. आईने आपणहून कुणा परक्या पुरुषाशी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. औषधं, डॉक्टर, बार्शीचं ऊन. पोहे तसेच निवत होते. शेवटी दयाचे वडील खुर्चीच्या कडेवर सरकले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, तुमच्या मोठ्या मेव्हण्यांच्या लग्नात मीच वाजवलं होतं. तुम्ही मला ओळखता. आमच्या पोरानं तुमच्या मुलीला मागणी घातलीय. आम्ही तिला जपू. तुमचं म्हणणं काय असेल ते सांगा. नाही म्हणालात तरी आम्ही राग धरणार नाही."

मी अप्पांच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होते. म्हटलं, आता भाषण होणार. पण परक्यांपुढे अप्पांनी भाषण दिलं नाही. एकदाच म्हणाले, नाकातून, तुटक.

"क्लिक."

आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

पडवळाच्या भाजीला म्हणतात तेच. महिनाभर ज्याच्यासाठी डोकं आपटलं, ते उत्तर आलं होतं, स्वच्छ, चुकायला जागाच नाही असं. आणि हे ऐकण्यापेक्षा रोजचं ते न कळणारं भाषण परवडलं असतं.

दयाच्या वडलांनी आईकडे बघितलं. "वहिनी, काय म्हणाले मास्तर?"

आईने हातातली बशी खाली ठेवली, पदर सारखा केला.

"हो म्हणाले," ती म्हणाली. "मुलगी दिली, म्हणाले."

अप्पांनी गर्रकन तोंड फिरवलं. डोळे असे मोठे झाले! "क्लिक! क्लिक!" डाव्या हाताने खाट बडवायला लागले.

"आनंद झाला की असंच करतात हल्ली," आई म्हणाली. "घ्या, पोहे घ्या ना."

"खोटं!" आत्या ताडकन उठली. "साफ खोटं! नाही म्हणाला माझा भाऊ. मी बहीण आहे त्याची, मला कळतं."

आई तिच्याकडे वळली. आवाज चढवला नाही. "वन्सं, महिनाभर दिवसातून दहादा तुम्हीच विचारताय ना, सुशीला, काय म्हणतो गं हा? पाणी मागितलेलं तुम्हाला कळत नाही, पांघरूण कळत नाही, भांडं कळत नाही. आणि आज एवढं बरोब्बर कळलं?"

आत्या धपकन खुर्चीत बसली. दयाची आई डोळे पुसत होती. दयाच्या वडलांनी टोपी काढून अप्पांच्या पायांना हात लावला, आणि अप्पा खाट बडवतच होते.

ते लोक गेले तशी आत्याही फणकाऱ्याने तिच्या घरी गेली. मी स्वयंपाकघरात गेले. आई अप्पांसाठी पेज ढवळत होती.

"आई, ते नाही म्हणाले."

"हो. नाही म्हणाले."

इतक्या सरळ कबूल करेल असं मला वाटलं नव्हतं. "मग तू..."

"त्या रात्रीही नाहीच म्हणाले होते. मला म्हणाले, सकाळी तिला साफ सांगतो, आणि क्लासही बंद करतो तिचा."

"आणि मी विचारलं तेव्हा दिवा घालव म्हणाले, असं सांगितलंस? महिनाभर मी वेड्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, आणि तुला माहीत होतं!" माझा आवाज फाटला. "का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

दयाला नाही म्हणून कळवलं असतं आणि क्लासला कुलूप लावून रडत बसले असते, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"पण आई, मला त्यांचा खरा शब्द हवा होता गं. असा तू बनवून दिलेला नको होता."

आईने पळी पातेल्यात ठेवली. तिला मी कधी चिडलेली बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली.

"त्यांचा शब्द! सगळं घर त्या माणसाच्या एका शब्दाभोवती फिरतंय. तू डिक्शनरी काय काढतेस, पाट्या काय करतेस. वन्सं कान लावून बसतात. मी इथं उभी आहे, उजू. माझं तोंड शाबूत आहे. मला सगळे शब्द येतात. अप्पा काय म्हणाले, हे तू मला रोज विचारलंस. आई, तुला काय वाटतं, हे एकदा तरी विचारलंस?"

मी आठवून बघितलं. लग्नाचं सोडा, शाळा कुठली, साडी कुठली, कॉम्प्युटरचा क्लास काढायचा की नाही, सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

"क्लिक!" आतून अप्पा कडाडले. "क्लिक, क्लिक!"

"काय पाहिजे त्यांना?" मी सवयीने विचारलं.

"पाहिजे काही नाही. शिव्या देतायत मला." आईने पेज वाटीत ओतली, चवीला मीठ घातलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "हं. विचार की."

"आई, दयाशी लग्न करू मी?"

"कर," ती म्हणाली, आणि वाटी घेऊन आत शिव्या खायला गेली.